सिगारेट सोड म्हणणाऱ्यांनो, आधी मला फ्लोअरवरून उठू द्या

घणसोलीकर (धागाकर्ता)

मी ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे. निदान तिशी उलटल्यावर झालं. ऐरोलीच्या एका आयटी पार्कात टेस्टिंगचं काम करतो आणि सिगारेट ओढतो. फुप्फुसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे, पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर चित्रासकट छापलेलं असतं. त्यावर प्रवचन नको.

मुद्दा वेगळा आहे. आमचा फ्लोअर म्हणजे एकही भिंत नसलेला हॉल. डोक्यावर ट्यूबलाइट, मानेवर एसीचा झोत, शेजारचा स्पीकरवर कॉल घेणार, मागे कुणीतरी पेनाचं टोपण उघडझाप करणार. अकरा वाजेपर्यंत माझ्या कानात शब्द आणि आवाज यांची सरमिसळ होते. समोरचा बोलतोय हे दिसतं, काय बोलतोय ते पोचत नाही. अशा वेळी "मला दहा मिनिटं एकटं बसायचंय" म्हणालो की टीम लीड विचारणार, "बरं वाटत नाहीये का?" रिकाम्या मीटिंग रूममध्ये दिवा मालवून बसलो तर तीन दिवस कुजबुज. पण "सुट्टा मारून येतो" म्हटलं की कुणी मान वर करून बघत नाही.

गेटबाहेरच्या टपरीवर कुणी डोळ्यात डोळे घालून बोलत नाही, सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे असतात. "लायटर आहे का?" आणि "रिलीज गेलं का?" एवढ्या दोन वाक्यांवर भागतं. हाताला धरायला काहीतरी असतं, श्वास आपोआप लांब होतो. परत येतो तेव्हा माणसात आलेला असतो.

म्हणून माझं मत: माझ्यासारखे जे ओढतात ते तंबाखूपेक्षा बाहेर पडायच्या परवानगीचे पैसे मोजत असतात. ती परवानगी फुकट मिळत नाही तोवर आम्हाला "सोड" म्हणू नका.

---

कोपरीवाला

निरीक्षण शंभर टक्के पटलं, निष्कर्ष अजिबात नाही. मीही ओढायचो, आता नाही. ऑटिस्टिक नाही, तेव्हा तुमच्या कानांबद्दल बोलत नाही. निकोटिनबद्दल बोलतो.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग अंग मागायला लागतं: चिडचिड, अस्वस्थता, लक्ष उडणं. तुम्ही ज्याला "अकरा वाजताची सरमिसळ" म्हणता तिच्यात ही मागणी किती आणि ट्यूबलाइट किती, हे तुम्ही कसं वेगळं काढता? सकाळची पहिली घरी नऊला ओढत असाल तर अकराचा हिशोब बरोबर बसतो की. सिगारेट आधी खड्डा खणते आणि मग तोच बुजवते. आपल्याला वाटतं, काय उपकार केले!

२०१४ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २६ अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं होतं. सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य, ताण हे सगळं न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालं. सोडल्यावर कमी, हे पुन्हा वाचा.

---

घणसोलीकर

वाचलं. पण ते विश्लेषण ऑटिस्टिक लोकांचं नाही. आणि निकोटिनचा स्वतःचा काहीच गुण नाही असंही नाही. २०१८ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांना निकोटिनचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या) लावून एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला, चिडचिड आणि आक्रमकपणावर उपयोग होतो का ते बघायला. संशोधकांना थोडी आशा दिसली, झोपेतही.

---

कोपरीवाला

त्या प्रयोगात माणसं किती होती तेही सांगा ना. आठ! पॅच आठवडाभर, डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्यावरून टपरीवरच्या सिगारेटला सर्टिफिकेट देणं म्हणजे फारच झालं. पॅचमध्ये डांबर नसतं आणि कार्बन मोनॉक्साइडही नसतो.

---

नितळ (वाशी)

मीही ऑटिस्टिक, मीही नोकरी करते. धाग्यात "आम्ही आम्ही" चाललंय म्हणून लिहितेय. माझ्यासाठी सिगारेटचा वास म्हणजे छळ. ओढून आलेला माणूस शेजारी बसला की त्याच्या शर्टाला चिकटलेला वास मला जेवणापर्यंत पुरतो. तुमची सुटका माझी शिक्षा होते, दादा.

आणि आपल्यातले बहुतेक ओढत नाहीत. स्वीडनमधल्या २००३ च्या अभ्यासात ऑटिस्टिक रुग्णांमध्ये धूम्रपान सर्वसाधारण लोकांपेक्षा कमीच निघालं होतं. केंब्रिजच्या संशोधकांचं २०२१ चं काम बघा: ऑटिस्टिक लोक एकूणात व्यसनाच्या वाटेला कमी जातात, पण स्वतःचं वागणं आवरण्यासाठी ड्रग्ज घेतो असं सांगण्याची शक्यता त्यांच्यात जवळपास ९ पट. म्हणजे जे घेतात ते मजेसाठी नाही, तग धरण्यासाठी. इथे तुमचं म्हणणं मला पटतं.

पण परवानगीचा मुद्दा उलटा करून बघा. मी ओढत नाही, म्हणून मला ब्रेकच नाही. मी बाथरूममध्ये जाऊन कमोडचं झाकण पाडून बसते, हातांनी कान दाबून. बाहेरून कुणीतरी हँड ड्रायर लावतं आणि सगळं मुसळ केरात. तुम्ही निदान झाडाखाली उभे असता. तुमची सवलत सिगारेटला बांधलेली राहील तोवर माझ्या वाट्याला बाथरूमच.

---

रोखठोक

आजकाल ज्याला त्याला ऑटिझम असतो. आमच्या वेळी याला आळस म्हणायचे. सिगारेट ओढायची तर ओढा, निमित्तं कशाला?

---

घणसोलीकर

@रोखठोक, तुमच्या वेळी मधुमेहालाही "गोड खाण्याची हौस" म्हणत असतील. पुढे.

@नितळ, वासाचं मनावर घेतलं. बाथरूमचं वाचून मात्र काही सुचेना. आमच्याकडे हँड ड्रायर नाही, एवढंच काय ते नशीब.

---

खारेगावची आई

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा, ऑटिस्टिक. बोलतो कमी. धाग्याचं शीर्षक वाचून पोटात गोळा आला म्हणून लिहिते.

तुम्ही सिगारेटबद्दल बोलताय, पण आपल्याकडे खरी पंचाईत पुडीची आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे २४.४ टक्के. माझा मुलगा वर्कशॉपला ज्या व्हॅनने जातो तिचे ड्रायव्हरकाका तंबाखू मळतात. माणूस फार चांगला, याला अगदी सांभाळून नेतो. पण याला त्या मळण्याचा नाद लागलाय. डाव्या तळहातावर उजवा अंगठा गोल गोल, मग दोन थापा, मग फुंकर. रिकाम्या हातानेच करतो, घरी टीव्हीसमोरही. त्याला त्यात बरं वाटतं हे मला दिसतं. कधीतरी कुणी त्या हातावर खरी चिमूट ठेवली तर?

याचं एकदा वेळापत्रकात बसलं की बसलं. शनिवारी सकाळी इडलीच्या जागी पोहे झाले तर अर्धा दिवस जातो. अशा मुलाच्या दिवसात तंबाखू शिरला तर काढायचा कसा? तुम्हाला "तग धरण्याचं साधन" म्हणणं परवडतं, कारण तुम्ही स्वतःचं स्वतः ठरवता. माझ्या मुलाच्या आसपास कुणी हे वाक्य उच्चारू नये असं मला वाटतं. राग मानू नका.

---

घणसोलीकर

राग नाही, काकू. पण तुमचा मुलगा अंगठा फिरवतो तेच मी लायटर फिरवून करतो. त्याला टीव्हीसमोर ते करता येतं. मी फ्लोअरवर केलं तर लोक व्हिडिओ काढतील. हातात सिगारेट असली की तोच चाळा रुबाब ठरतो.

---

औषधवाला (नौपाडा)

मेडिकल दुकान आहे म्हणून दोनच गोष्टी सांगतो, कारण इथे कुणी त्या काढल्या नाहीत.

सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालवतात. हे काम धुराचं, निकोटिनचं नाही. त्यामुळे ओलान्झापीन, क्लोझापीन यांसारखी औषधं शरीरातून लवकर निघून जातात, आणि कॅफिनसुद्धा. सिगारेट एकदम बंद केली की तोच डोस जास्त पडायला लागतो. तेव्हा मानसोपचाराची गोळी चालू असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, परस्पर काही करू नका. आणि गोळी नसली तरी कॉफी निम्मी करा. सोडल्यावर छाती धडधडते, झोप उडते, लोक म्हणतात "बघा, सिगारेटशिवाय जमत नाही". त्यातला काही वाटा कॉफीचा असतो.

दुसरं, कुणी व्हेप (ई-सिगारेट) सुचवायच्या आधीच सांगतो: २०१९ पासून देशात विक्रीला बंदी आहे. २ मिलिग्रॅमची निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळते. च्युइंगमसारखी चघळत बसायची नाही. जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायची. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोन-सेवा, क्विटलाइनही आहे, १८००-११२-३५६, फुकट.

---

घणसोलीकर

फोन? मला? अनोळखी माणसाशी? तुम्ही सिगारेट सोडवताय की वाढवताय!

---

वागळे इस्टेट

एचआरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ऑटिझम नावानिशी आहे. त्यातलं कलम २१ प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगतं, खासगीलासुद्धा. तुमच्या कंपनीचं धोरण काढून वाचा. बसायची जागा बदलणं, हेडफोन, ठरलेल्या वेळी शांत ब्रेक हे सगळं लेखी मागता येतं. सिगारेटच्या आडून परवानगी काढण्यापेक्षा सरळ मागा. कितीतरी लोक मागतच नाहीत आणि कंपनी देत नाही म्हणून धागे काढतात.

---

नितळ

@वागळे इस्टेट, मी शांत ब्रेक मागितला होता. "सगळ्यांनाच आवाजाचा त्रास होतो गं" असं उत्तर मिळालं, आणि पुढच्या महिन्यापासून क्लायंट कॉलवर माझं नाव नाही. लेखी काही नाही, तक्रार तरी कशाची करू? सुट्ट्याला जाणाऱ्याला कुणी प्रमाणपत्र विचारत नाही. तेवढ्यापुरतं घणसोलीकरांचंच खरं.

---

कोपरीवाला

मग दोघं मिळून जा ना बाहेर! ब्रेक हवा, धूर नको. घणसोलीकर, गम घ्या आणि "सुट्टा मारून येतो" असंच म्हणत जा. टीम लीड काय वास घ्यायला येणार आहे?

---

औषधवाला (नौपाडा)

एक अट. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, तोंडात असतानाही नको. नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

---

घणसोलीकर

म्हणजे टपरीवर जायचं, सिगारेट घ्यायची नाही आणि कटिंगही नाही. टपरीवाला उभं राहू देईल का?

(अवांतर: सुटी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे म्हणतात. आमच्या टपरीपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.)

गम आणून बघतो. पुदिन्याची चुरचुर सहन होईल असं वाटत नाही, पण बघतो. @कोपरीवाला, अकराचं गणित डोक्यात राहिलंय, सुट्टीच्या दिवशी घरी बसून ताडून बघेन, तिथे ट्यूबलाइट नाही. एचआरला मेल मात्र एवढ्यात नाही. मार्चमध्ये अप्रेझल आहे.