सिझरच्या व्रणात रुजलेला गर्भ: पुण्यात दुसरा सल्ला कोठे घ्यावा?

प्रश्न (कोथरूड)
माझ्या वहिनीची दोन्ही बाळंतपणे सिझरने झाली असून आता सातव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत गर्भ जुन्या टाक्यांच्या जागी दिसतो आहे, ठोकेही आहेत. घरच्यांचा कल थांबून पाहण्याकडे आहे, तर एका दवाखान्यात लगेच क्युरेटिंग (गर्भाशय आतून खरवडून साफ करणे) सुचवले. कोणाकडे जावे आणि काय विचारावे?

प्रतिसाद १ (निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ)
थांबू नये, पण डोळे झाकून क्युरेटिंगही करून घेऊ नये. व्रणाच्या जागी स्नायू आकुंचन पावत नसल्याने रक्तस्राव आवरत नाही. गर्भपाताच्या गोळ्या तर स्वतःहून मुळीच घेऊ नयेत. सोनोग्राफी पोटावरून झाली असल्यास ती योनीमार्गातून, डॉपलरसह (रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी), पुन्हा करावी. गर्भाशयाची पोकळी व ग्रीवा (गर्भाशयाचे तोंड) रिकामी, गर्भाची पिशवी पुढच्या भिंतीत व्रणाशी, आणि तिच्या व मूत्राशयाच्या मधला स्नायूचा थर पातळ, अशा खुणा एकत्र दिसल्या की निदानाला बळकटी येते. त्या थराची जाडी अहवालात मिलिमीटरमध्ये लिहून मागा.

गर्भ पोकळीकडे वाढतो आहे की मूत्राशयाकडे, हा खरा प्रश्न आहे. पोकळीकडे असेल तर सोनोग्राफीच्या देखरेखीखाली नळीने तो ओढून काढता येतो. मूत्राशयाकडे असेल तर दुर्बिणीतून व्रणासह काढून भिंत शिवणे बहुधा श्रेयस्कर ठरते. मेथोट्रेक्झेट हे गर्भाची वाढ थांबवणारे औषध थेट गर्भाच्या पिशवीत सोडता येते, मात्र नुसत्या स्नायूतल्या इंजेक्शनवर भागवू नये.

काही गर्भ जिवंत जन्मापर्यंत पोहोचतात हे खरे, पण वार भिंतीत खोल रुतणे, गर्भाशय फाटणे आणि प्रसंगी ते काढून टाकावे लागणे, ही त्याची किंमत असू शकते. घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा. मात्र गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असते.

प्रतिसाद २ (हडपसर)
डॉक्टरांच्या नावापेक्षा तिथे रक्तपेढी, रात्री भूलतज्ज्ञ, दुर्बीण शस्त्रक्रियेचा अनुभव आणि गर्भाशयाची रक्तवाहिनी बंद करण्याची सोय आहे का, ते आधी फोनवर विचारावे. खर्चाची अडचण असेल तर ससून या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. रक्तस्राव, चक्कर किंवा पोटात जोराची कळ आल्यास मात्र दुसऱ्या सल्ल्याच्या तारखेसाठी न थांबता थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

प्रतिसाद १
उपचारांनंतर रक्तातले बीटा एचसीजी (गरोदरपणाचे संप्रेरक) शून्यावर येईपर्यंत तपासत राहावे लागते, आणि त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. पुढे कधी दिवस राहिले तर लवकर सोनोग्राफी करून घ्यावी.