मदत हवी आहे: दंडारीत सैन्यातल्या बाईचा छळ कसा दाखवावा?

नमस्कार मंडळी. आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातले, दिवाळीनंतरच्या मंडईत (गावच्या जत्रेत) दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाच-गाण्याचं लोकनाट्य, करतो. यंदा विषय सैन्यातल्या बायकांवर होणारा अन्याय. गावच्या पोरी भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, त्यांना पुढचंही कळलं पाहिजे.

कोर्टाचा भाग छान बसला. 17 फेब्रुवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरीत राहण्याचा, हक्क दिला, मार्च 2021 मध्ये त्यांना लावलेले निकषच भेदभावाचे ठरवले. हे शाहीर गाऊन सांगतो, लोक शांत ऐकतात.

अडलंय छळाच्या प्रसंगावर. वरिष्ठ त्रास देतो आणि तक्रार फिरून त्याच्याच टेबलावर येते. आमच्यात बाईचं काम पुरुषच करतो. तो लुगड्यात येवो की वर्दीत, शिट्ट्या पडतात. रिकामी वर्दी काठीला टांगून पाहिली, मागच्यांना दिसली नाही. पोरी तयार आहेत, पण घरचे रात्री स्टेजवर पाठवत नाहीत. आवाज रेकॉर्ड करता येईल. खऱ्या पलटणीचं नाव-चिन्ह नको, जवानांची टिंगल तर मुळीच नको.

उघडं मैदान, एक माईक, दोन हॅलोजन, ढोलकी. एवढ्यात हा प्रसंग कसा उभा करावा, म्हणजे शिटी पडणार नाही?