फर्नेस चालू, पण हवा गार

प्रश्न: काल रात्रीपासून आमची घर गरम करणारी गॅस फर्नेस गार हवा फेकतेय. थर्मोस्टॅट २१ अंशांवर, पंखा ‘ऑटो’वर, फिल्टर नवा. बर्नर पेटतात, ४-५ सेकंदांत विझतात, असं तीनदा होतं. मग नुसता पंखा फिरत राहतो. घरात तान्हं बाळ आहे हो, जीव टांगणीला लागलाय. काय बघू?

उत्तर १: पेटतंय म्हणजे गॅस आणि इग्नायटर (बर्नर पेटवणारा भाग) ठीक. माझा संशय फ्लेम सेन्सरवर. ज्योतीत राहणारी ती बारीक दांडी. तिच्यावर थर बसला की ज्योतीतून जाणारा सूक्ष्म प्रवाह कंट्रोल बोर्डाला कळत नाही आणि तो गॅस तोडतो. वीज आणि गॅस बंद करून दांडी काढा, बारीक स्टील वूलने हलकेच घासा. खरखरीत सँडपेपर नको, चरे पडतात.

उत्तर २: सहमत. काही मिनिटांनी विझत असती तर लिमिट स्विच (फर्नेस फार तापली की बर्नर बंद करणारा) म्हटलं असतं. पण गॅसचा वास आला तर कशालाही हात न लावता बाळाला घेऊन आधी बाहेर पडा! कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना?

प्रश्नकर्ता: अलार्म आहे, चालू आहे. दांडी घासली, पांढरट थर निघाला. वीस मिनिटं झाली, बर्नर विझलेले नाहीत. बाळ झोपलंय. मनापासून आभार.