अंथरुणाला खिळलेल्या आईची आबाळ करून मृत्यू: कलम कुठलं?

प्रश्न: सांभाळणाऱ्या मुलानं उपाशी ठेवलं, जखमा चिघळून आई गेली. कोल्हापुरात खटला कुठं, शिक्षा किती?

उत्तर: नुसता निष्काळजीपणा धरला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), कमाल ५ वर्षं. 'असंच ठेवलं तर ती जाणार' हे त्याला कळत होतं हे सिद्ध झालं, तर कलम १०५ (सदोष मनुष्यवध), १० वर्षांपर्यंत. तो खटला सत्र न्यायालयात, कसबा बावड्याला. ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २४ (आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणं) म्हणजे कमाल ३ महिने कैद किंवा ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. एवढ्यावर भागवू देऊ नका.

उत्तर: सगळं पोस्टमॉर्टेमवर अडतं बघा. 'वय झालं होतं' म्हणून पंचगंगा स्मशानभूमीत उरकलं की पुरावा गेला. आधी पोलिसांना कळवा, पंचनामा, मग पोस्टमॉर्टेमला सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय). माकडहाडावरची, टाचेची जखम मोजपट्टी ठेवून फोटोत यायला हवी. वजन, जठरातलं अन्नही नोंदवलेलं हवं. हाड दिसणारी, वास मारणारी जखम रोज अंग पुसणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. १०५ ची 'जाणीव' तिथंच दिसते. न फोडलेली औषधाची पाकिटंही जप्त व्हावीत.

उत्तर: शेजाऱ्यांनी मोबाईलवर काढलेले फोटो असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा, नाहीतर तिथंच अडवतात. बचाव ठरलेला: 'तीच जेवत नव्हती.' मग डॉक्टर शेवटचा कधी आला, हे विचारा.