मदत हवी आहे: ऑफिससाठी इलेक्ट्रिक डबा घ्यायचाय, कोणता आणि किती वॅटचा घेऊ?

नमस्कार मंडळी,

ऑफिसात दुपारचं बाहेरचं खाणं बंद करायचं ठरवलंय. खर्च हे एक कारण आहेच. रोजचं विकतचं जेवण महिन्याच्या हिशोबात फार जड जातं. पण खरं कारण मीठ. रक्तदाब थोडा वर गेलाय आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. घरी स्वयंपाक करताना हा हिशोब ठेवता येतो, विकतच्या जेवणात नाही.

अडचण एवढीच की थंड जेवण मला जात नाही. ऑफिसात मायक्रोवेव्ह एकच, त्यासमोर सुट्टीत मोठी रांग, आणि शेवटच्या माणसाची जेवायची वेळ निम्मी उभ्यानेच जाते. म्हणून इलेक्ट्रिक डबा घ्यावा म्हणते.

विचारपूस करून कळलं ते असं. एका प्रकारात डब्याच्या तळाशी तापणारी पट्टी असते आणि तिच्यावर आतलं स्टीलचं भांडं बसतं. हे साधारण ४० ते ८० वॅटचे असतात. दुसऱ्या प्रकारात तळाशी थोडं पाणी घालायचं आणि वाफेवर जेवण गरम होतं. हे बहुतेक २०० ते ३०० वॅटचे असतात, त्यात अंडी उकडता येतात, तांदूळही शिजतो. गाडीत लावायचे १२ व्होल्टचे आणि यूएसबीवर चालणारेही दिसतात.

शेजारच्या टेबलावरच्या ताईंकडे पट्टीवाला आहे. परवा त्यांनी मुद्दाम मला उघडून दाखवला. अर्धा तास लावलेला होता. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते, भाताचा तळाचा थर भांड्याला चिकटून कडक झाला होता, कडेची भाजी चांगली वाफाळत होती, पण भाताच्या मधोमध बोट लावलं तर नुसतं कोमट. त्या म्हणाल्या, "अजून वीस मिनिटं ठेवला की होतो." होतही असेल. पण तेव्हापासून मला हा प्रश्न पडलाय की इतक्या सावकाश गरम होणारं अन्न खायला कितपत बरं? सकाळी डबा भरल्यापासून जेवेपर्यंत पाचेक तास जातात. तेवढा वेळ अन्न बाहेर, आणि मग तासभर मंद आचेवर. हे पोटाला चालेल का?

दुसरं म्हणजे आतलं भांडं स्टीलचंच घ्यावं का? काही डब्यांत प्लास्टिकचं असतं, ते वजनाला हलकं पडतं. आणि ऑफिसवाले विजेच्या उपकरणांना हरकत घेतात, तर त्यांच्याशी काय बोलावं?

ज्यांनी रोज वापरलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. घाईने घेऊन मग तो घरात पडून राहावा असं नको आहे.

---

प्रतिसाद:

तुमची शंका अगदी योग्य आहे, आणि तिचं उत्तर डब्यापेक्षा डबा लावण्याआधीच्या वेळात आहे.

शिजलेल्या अन्नात जंतू सगळ्यात वेगाने वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे. शिजलेलं अन्न घरातल्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं म्हणतात ते यामुळेच. तुमचे पाच तास त्यात बसत नाहीत. "नंतर चांगलं गरम करते की" या भरवशावरही राहू नका. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असू शकतो. त्याचे बीजाणू तांदूळ शिजवताना मरत नाहीत. भात कोमट पडून राहिला की ते रुजतात आणि विष तयार होतं. त्यातलं उलट्या करवणारं विष उष्णतेला दाद देत नाही. जंतू मरतील, विष तसंच राहील.

म्हणून रात्रीच जेवण बनवा, पसरट भांड्यात लवकर निववा, डब्याच्या आतल्या भांड्यात भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फक्त आतलं भांडं ठेवायचं. तारा आणि पट्टी असलेला बाहेरचा भाग ठेवला तर त्यात दव धरतं. सकाळी बर्फाच्या पाकिटाबरोबर जाड अस्तराच्या पिशवीतून न्या, ऑफिसात फ्रिज असेल तर पोचल्यावर त्यात टाका. जेवायच्या आधी डबा लावा.

आता वॅटचं गणित. अर्धा किलो जेवण ५ अंशांवरून ७५ पर्यंत न्यायचं तर साधारण १२० किलोज्यूल उष्णता लागते. ४० वॅटचा डबा ही उष्णता द्यायला ५० मिनिटं घेतो, तीही जराही उष्णता बाहेर न गेली तर. प्रत्यक्षात तास-सव्वातास धरा. ८० वॅटच्या डब्याला कागदावर २५ मिनिटं लागतात, प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस. म्हणून फ्रिजमधलं जेवण न्यायचं असेल तर ६० च्या खालचा घेऊच नका. यूएसबीचा तर विचारही सोडा. साध्या यूएसबीतून १० वॅटच्या आसपास मिळतात, तेवढ्यात गरम अन्न गरम राहील फार तर, थंडाचं गरम होणार नाही.

ताईंच्या डब्यात मधला भात कोमट राहिला कारण भात घट्ट दाबून भरलेला असणार. अशा भातात पाणी मोकळं फिरत नाही, त्यामुळे उष्णता तळातून वर सरकायला फार वेळ घेते. भात सैल भरा, वर दोन चमचे पाणी शिंपडा, मधे एकदा ढवळा. पातळ कडधान्यं, सूप, रस्सा असले पदार्थ या डब्यात सुरेख गरम होतात. कोरडे, तळलेले पदार्थ नाही, ते मऊ पडतात.

सुरुवातीला स्वयंपाकाचा थर्मामीटर मधोमध खुपसून पाहाच. सगळीकडे ७० च्या वर गेलं की झालं. एकदा तुमच्या डब्याचा वेळ कळला की रोज मोजायची गरज नाही.

भांडं स्टीलचंच घ्या. अन्न तासभर तळाशी चिकटून तापणार आहे, त्यात आंबट-तेलकट पदार्थ असले की प्लास्टिकला डाग आणि वास दोन्ही धरतात. फक्त ते स्टील मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, एवढं घरी सगळ्यांना सांगून ठेवा.

---

प्रतिसाद:

ऑफिसच्या देखभालीचं काम मी बघतो, म्हणून वरच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल.

आमची काळजी वॅटची नसते. ६० वॅटचे दहा डबे मिळून ६०० वॅट, साधी पाण्याची किटली याच्या दुप्पट-तिप्पट घेते. वाफेचे ३०० वॅटचे दहा लावले तर मात्र ३००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर १३ अॅम्पिअर. ते सगळे एका एक्स्टेंशन बोर्डावर आले की बोर्ड तापतो. भीती आहे ती कागदांच्या ढिगाऱ्यात, टेबलाखाली लावून माणूस मीटिंगला निघून जातो त्याची.

तेव्हा परवानगी मागताना असं सांगा की डबे पॅन्ट्रीतल्या एका मोकळ्या ओट्यावर, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लागतील आणि जेवण झालं की प्लग काढले जातील. डब्यावर तुमच्या देशाचा सुरक्षा-चिन्हाचा शिक्का हवा. जास्त तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय आहे का तेही माहितीपत्रकात बघून घ्या. आणि व्होल्टेज नक्की तपासा. ११० चा डबा २३० वर लावला तर तो चौपट वीज खेचतो आणि जळतो. परदेशातून मागवलेल्यांत हे होतं.

लावण्याआधी झाकणावरची वाफेची चकती उघडायची, नाहीतर झाकण उडतं किंवा रस्सा प्लगच्या खाचेत झिरपतो.

---

प्रतिसाद:

परवानगी मिळालीच नाही तर तोंडाला रुंद असलेला, निर्वात भिंतींचा थर्मास घ्या. आधी उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकून ठेवा, ते ओतून लगेच उकळतं जेवण काठोकाठ भरा. अर्धवट भरलेला लवकर निवतो. चांगल्या थर्मासात जेवण ६० च्या वर बरेच तास राहतं, त्यामुळे वरचा दोन तासांचा प्रश्नच येत नाही. सूप, खिचडीसारखं मऊ जेवण यात उत्तम. भाजी मात्र जास्त शिजते.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. बीजाणूंचं मला अजिबात माहीत नव्हतं. ते वाचून ताईंनाही धागा पाठवला, त्या पण आता रात्री फ्रिजमध्ये ठेवणार आहेत.

८० वॅटचा, पट्टीवाला, आतून स्टीलचा घ्यायचा हे ठरलं. वाफेचा मोह होतोय, पण ऑफिसात सगळ्यांनी तसाच आणला तर काय होईल ते वर लिहिलंयच. पॅन्ट्रीतल्या ओट्याबद्दल सोमवारी बोलते.

एकच राहिलं. झाकणाला जी सिलिकॉनची रिंग असते तिला कांदा-लसणाचा वास धरतो असं ताई म्हणतात, आणि त्यांच्या डब्याची रिंग वेगळी मिळत नाही. रिंग सहज निघणारी आणि सुटी विकत मिळणारी असा डबा कोणी वापरताय का? आणि वास घालवायला सोड्याच्या पाण्यात ठेवणं पुरतं, की आणखी काही करावं लागतं?