लोह, कॅल्शियम आणि थायरॉईडची गोळी
गरोदरपणात थायरॉईडची गोळी (थायरॉईड हार्मोन कमी पडतो म्हणून घेतात ती) नकोच, बाळाला बाधेल, असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. अजिबात पटलं नाही. पहिले साधारण १२ आठवडे बाळ आईच्याच थायरॉईड हार्मोनवर अवलंबून असतं. उलट गोळी आधीपासून चालू असेल तर बहुतेक वेळा डोस वाढवावा लागतो.

लोह आणि कॅल्शियमचं मात्र इथे कुणी बोललंच नाही. त्यांच्यामुळे ही गोळी नीट शोषली जात नाही. मी तिन्ही गोळ्या सकाळी एकदमच घ्यायचे (विसरायला नको म्हणून!) आणि टीएसएच (थायरॉईड हार्मोन कमी पडला की रक्ततपासणीत वाढलेला दिसणारा आकडा) काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी थायरॉईडची उपाशीपोटी आणि बाकीच्या ४ तासांनी घ्यायला सांगितल्या. डोस तोच, पण महिन्याभराने आकडा खाली आला.