सायगावच्या आधी नॉम पेन्ह

'दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव साम्यवाद्यांच्या हाती पडलं आणि पाठोपाठ शेजारी देशही गेले, म्हणजे अमेरिकी अध्यक्ष आयझेनहॉवरचा १९५४ चा डोमिनो सिद्धांत (एक देश साम्यवादी झाला की शेजारीही एकेक करून होतात) खराच ठरला' हे म्हणणं मला पटत नाही. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह १७ एप्रिल १९७५ ला पडलं, सायगाव ३० एप्रिलला. म्हणजे क्रमच उलटा! कंबोडिया खिळखिळा झाला तो १९७० मध्ये राष्ट्रप्रमुख सिहानुकना हटवल्यावर पेटलेल्या यादवीनं आणि अमेरिकी बॉम्बवर्षावानं. लाओस मात्र १९७५ मध्येच गेला, हे मान्य. पण थायलंड, मलेशिया उभेच राहिले.

पुढचं तर फारच संतापजनक आहे. डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामनं कंबोडियात घुसून जानेवारीत तिथल्या साम्यवादी हुकूमशहा पोल पॉटची, लाखोंचे बळी घेणारी राजवट उलथली, तर फेब्रुवारीत चीननं व्हिएतनामवर हल्ला केला. साम्यवादीच एकमेकांच्या उरावर! आणि संयुक्त राष्ट्रसंघातली कंबोडियाची जागा पोल पॉटच्याच राजवटीकडे राहावी म्हणून अमेरिका आणि चीन एका बाजूला. सोव्हिएत संघ व्हिएतनामच्या पाठीशी होता, एवढ्यासाठी लाखोंच्या खुन्यांना मान्यता? १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं नॉम पेन्हमध्ये व्हिएतनामनं बसवलेल्या नव्या सरकारला मान्यता दिली, ते मला आजही योग्य वाटतं.